कोंबड्यांच्या अंगावर फोड, खवले, उघडी पाठ : हे सगळं एकच आहे का? उपाय काय?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. आम्ही दापोलीजवळ राहतो. परसात गावठी कोंबड्या आहेत आणि एक कोंबडा. पाऊस सरत आला तसं एकेकीच्या अंगावर काहीतरी दिसायला लागलंय. एका तलंगेच्या, म्हणजे तरण्या कोंबडीच्या, तुऱ्यावर आणि डोळ्याच्या कडेला चामखिळीसारखे तपकिरी-काळे फोड आलेत. सगळ्यात जुनी कोंबडी आहे तिच्या पायांवरचे खवले उचकटून वर आलेत, खाली पांढरट भुगा दिसतो. तिची पाठही उघडी पडलीय. आणि एरवी तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात शिरणाऱ्या कोंबड्या हल्ली आंब्यावर चढून बसतात. आत कोंडल्या तर रात्रभर कुरकुर.

शेजारच्या काकी म्हणतात, ही सगळी खरूज, सरसकट रॉकेल लाव. मला पटत नाही, कारण प्रत्येकीला वेगळ्या जागी झालंय. अनुभवी लोकांनी कृपया सांगा. अंडी घरातली लहान मुलं खातात, ती चालतील का हेही सांगा.

नाना_मावळकर
रॉकेल आणि खोबरेल अर्धं अर्धं करून पायाला चोळायचं आणि खुराड्यात चुलीची राख टाकायची. आमच्या आईने जन्मभर हेच केलं. पायाची खरूज जाते, खात्रीने सांगतो. फोडांचं मात्र माहीत नाही. ती देवी असेल तर आई हळद-तेल लावून कोंबडी डालग्याखाली वेगळी ठेवायची.

पाटाचं_पाणी
नाना, आता रॉकेल आणायचं कुठून? आमच्या गावात रेशनवर शेवटचं कधी आलं ते दुकानदारालाही आठवत नाही.
रानमोगरा, आंब्यावर इतक्या कोंबड्या बसल्यात म्हणजे यंदा मोहोर जोरात येणार :)

गुरांचा_डॉक्टर
ताई, तुमची शंका बरोबर आहे. हे एक दुखणं नाही, निदान तीन आहेत, कदाचित चार. औषधाचं नंतर पाहू, आधी जागा बघा. कोंबडीच्या कातडीचं दुखणं ओळखताना अंगावर कुठे झालंय यातूनच निम्मं निदान होतं.

तुरा, गळ्याखालचे कल्ले, पापण्या, चोचीची कड, म्हणजे जिथे पिसं नाहीत तिथेच फोड असतील तर पहिला संशय देवीचा, म्हणजे फाऊल पॉक्सचा. आधी बारीक पिवळसर-राखाडी पुरळ येतं, ते मोठं होऊन काळपट खपली धरते. हा विषाणू आहे आणि पसरवतात मुख्यतः डास. पावसाळ्याच्या शेवटी कोकणात हे हमखास दिसतं. विषाणूवर औषध नाही. खपली आपोआप पडते, एका पक्ष्यात साधारण दोन ते चार आठवडे जातात. तोवर खपल्या ओरबाडू नका, रक्त येऊन वर जंतू बसतात. फोडांवर पोव्हिडोन आयोडीन कापसाने टेकवा. डोळा चिकटत असेल तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा पुसा. डोळे मिटलेली कोंबडी देवीने मरत नाही, दाणा दिसत नाही म्हणून उपाशी मरते. तिला हाताने खायला घाला.

एक गोष्ट आजच करा : चोच उघडून आत बघा. जिभेवर, टाळूवर, घशात पिवळसर चीजसारखे थर असतील तर ती ओली देवी. त्यात श्वास कोंडतो आणि पक्षी जातो. तसं दिसलं तर घरी प्रयोग नकोत, दवाखान्यात न्या.

पायाचे खवले हे वेगळं प्रकरण. तिथे खवल्यांच्या खाली एक सूक्ष्म कोळी बीळ करून राहतो, डोळ्यांना दिसत नाही. याला खरूज म्हटलं तर चालेल. आणि खुराड्यात न शिरणं हे तिसरं, त्याबद्दल रात्रीची तपासणी करून मग बोलू. रॉकेल लावू नका. कातडी भाजते आणि ते अंगात शोषलं जातं. नाना, तुमच्या आईंचा गुण खोबरेलात होता. तेलाने खवल्याखालचा कोळी गुदमरतो.

सातारी_कंदी
खुराड्यात जात नाहीत हे वाचल्या वाचल्या कळलं! अंधार पडून तासभर झाला की बॅटरी घेऊन जा. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात ती जिथे भिंतीत शिरते, त्या फटीवर उजेड मारा. पांढरा कागद दांडीखालून घासून बघा. तांबडे डाग उठले तर लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक कोळी आहेत. हे दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतातच, फटीत दडतात. रात्री बाहेर येऊन रक्त पितात आणि पहाटेआधी परत फटीत. म्हणून दिवसभर कोंबडी कितीही चाळली तरी काही सापडत नाही आणि माणूस म्हणतो, अंगावर तर काहीच नाही. रक्त गेल्याने तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, अंडी उबवत बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा ती अर्धवट सोडून उठते.

माझ्या चुलतभावाने सगळ्या कोंबड्यांना पावडर लावली आणि खुराड्याला हातही लावला नाही. महिन्याभरात सगळं जैसे थे. रोग खुराड्याला झालाय असं समजून कामाला लागा.

गुरांचा_डॉक्टर
सातारी_कंदी यांच्या प्रतिसादाला +१. उन्हाळ्यात या माइटची एक पिढी आठवड्याभरात पुरी होते आणि रक्त न मिळताही ते कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून काही होत नाही.

मेलबर्नची_माई
इथे आमच्याकडेही परसात कोंबड्या आहेत, आणि लाल माइटचा त्रास अगदी असाच. उघड्या पाठीबद्दल सांगते. आधी पाठ नीट न्याहाळा. टाचणीसारखे नवे कोंब, म्हणजे मेणचट पापुद्र्यात गुंडाळलेली पिसं उगवताना दिसली तर ती नेहमीची पिसगळ आहे, आजार नाही. दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या जुनी पिसं टाकतात. आमच्याकडे ते मार्च-एप्रिलात होतं, तुमच्याकडे पावसाळ्यानंतर. डोकं आणि मानेपासून सुरू होऊन मागे सरकत जातं. त्या दिवसांत अंडी बंद झाली तरी काळजी नको, फक्त प्रथिनं वाढवा.

पण पाठीवर पिसांचे तुटके दांडे राहिलेत आणि डोक्यामागेही टक्कल आहे, तर कोंबडा बघा. लाडकी कोंबडी असते, तो सारखा तिच्यावरच चढतो आणि नख्यांनी पाठ सोलवटते.

पाटाचं_पाणी
म्हणजे कोंबड्याचं प्रेमप्रकरण!

रानमोगरा
माई, तुटके दांडेच आहेत, आणि डोक्यामागेही आहे! कोंबडा एक, कोंबड्या पाच.
तलंगेचं तोंड उघडून पाहिलं, आत स्वच्छ आहे. रात्री बॅटरीने बघते.

मेलबर्नची_माई
पाच थोड्या पडतात गं. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. तोवर त्याला दिवसा वेगळा ठेव, आरीचं, म्हणजे पायामागच्या काट्याचं, टोक कानशीने बोथट कर. पाठीवर जखम असेल तर बाकीच्यांपासून लपव. लाल दिसलं की कोंबड्या टोचत सुटतात आणि मग थांबत नाहीत.

वऱ्हाडी_ठसका
आमच्या अकोल्याकडं माइटपेक्षा गोचिडाचा ताप जास्त. मातीच्या भिंतीच्या भेगांत चपट्या, करड्या गोचिड्या बसतात. त्याही रात्रीच निघतात. पिलांच्या पंखाखाली निळे-काळे ठिपके दिसले तर ती गोचिडाची पिल्लं, ती मात्र काही दिवस अंगावरच राहतात. या गोचिडीतून कोंबडीला एक ताप येते. मलूल होते, हिरवं हगते, पटकन मरते. तो ताप औषधानं बरा होते, पण डॉक्टरले लवकर दाखवलं तरच. भेगा लिंपल्याशिवाय गोचीड जात नाही बाप्पा. माती-शेणात चुना कालवून साऱ्या भेगा बुजवा आणि झाडाच्या सालीकडंही पहा, कोंबड्या झाडावर बसत असतील तर तिथंही असते.

नाना_मावळकर
डॉक्टर म्हणतात ते मान्य, रॉकेल नको. पण राखेबद्दल कोणी काही बोललं नाही. राख आणि बारीक माती पसरट घमेल्यात ठेवली की कोंबड्या दुपारी लोळून लोळून अंगावर उडवतात. त्याने उवा खरंच कमी होतात. आई त्यात वेखंडाची पूड मिसळायची. पावसात सगळीकडे चिखल असतो, कोरडी जागा मिळत नाही, म्हणूनच त्या दिवसांत उवा वाढतात असं माझं निरीक्षण आहे.

गुरांचा_डॉक्टर
नाना, अगदी बरोबर निरीक्षण. धुळीची आंघोळ हा कोंबडीचा स्वतःचा इलाज आहे. पडवीत किंवा पत्र्याखाली कोरड्या राख-मातीची जागा बारा महिने हवीच. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठत नाही, लोळत नाही, म्हणून तिच्या अंगावर सर्वांत जास्त किडे सापडतात. पिल्लं निघाली की डालग्यातला पेंढा जाळून टाका, परत वापरू नका.

आता उवांबद्दल. शेपटीखाली, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर, चपटे, उजेड पडताच पळणारे किडे म्हणजे उवा. पिसाच्या बुडाशी पांढऱ्या गाठी दिसतील, त्या उवांची अंडी. त्याच जागी पिसं काळपट, मळकट होऊन बारीक ठिपके हलताना दिसले तर अंगावरच राहणारे माइट. किनारपट्टीच्या दमट हवेत हे खूप असतात आणि अंडी गोळा करताना आपल्या हातावर चढून चावतातही. आपल्यावर ते वसत नाहीत, पण खाज सुटते.

औषध कोणतंही वापरा, आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचंच, कारण ते अंडी मारत नाही. पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून तोवर नवे किडे निघालेले असतात. बहुतेकांचा उपचार फसतो तो इथे.

शाळेचा_फळा
सीताफळाच्या बियांची पूड चालेल का? आमच्याकडे सगळे तीच वापरतात. आणि एकांनी तंबाखूचं पाणी सांगितलंय.

गुरांचा_डॉक्टर
सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरं, पण ती पूड डोळ्यात गेली तर कोंबडीच्या आणि लावणाऱ्याच्याही डोळ्याला गंभीर इजा होते. शाळेतल्या मुलांच्या हाती तर देऊच नका. तंबाखूचं पाणी अजिबात नको, निकोटिन कातडीतून आत जातं आणि लहान पक्षी त्यानेच दगावतो. कोणाच्या माळ्यावर जुनी गॅमेक्सिन पावडर असेल तर तीही नको. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. ती अंड्यात उतरते.

सातारी_कंदी
मग खुराड्याला नेमकं काय करायचं ते मी लिहितो, मी केलंय. सगळा तूस, पेंढा बाहेर काढून जाळला. दांड्या काढून उन्हात टाकल्या. फटीफटीत उकळतं पाणी ओतलं. वाळल्यावर चुन्यात थोडं मीठ घालून दोन हात दिले, फटीत ब्रश खुपसून. त्यानंतर जनावरांच्या दवाखान्यातून गोचिडाचं औषध, डेल्टामेथ्रिन, सांगितलेल्या मात्रेत पाण्यात मिसळून फवारलं. फवारताना कोंबड्या बाहेर, पाण्याची भांडी बाहेर, नाकाला फडकं. पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडल्या नाहीत. आठवड्याने पुन्हा फवारणी. दांडीची टोकं आता भिंतीत न घालता लोखंडी पायावर ठेवलीत आणि पायाला ग्रीस लावलंय, भिंतीतून चढायला वाटच नाही.

मेलबर्नची_माई
घरात मांजर असेल किंवा जवळ मासे, मधमाश्या असतील तर जपून हं. या जातीची औषधं माशांना आणि मधमाश्यांना फार घातक, आणि परमेथ्रिन तर मांजरालाही.

रानमोगरा
कागदावर तांबडे डाग उठले! दांडीच्या टोकाला तर थरच होता. मालकांना दाखवलं, ते आता स्वतः चुना आणायला निघालेत.

पायांचं मात्र नीट समजावून सांगा ना डॉक्टर. तेल कधी, किती?

गुरांचा_डॉक्टर
संध्याकाळी, कोंबडी शांत असताना. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं बुडवून धरा, म्हणजे खपल्या मऊ होतील. जुन्या टूथब्रशने वरून खाली हलक्या हाताने घासा. जे सुटेल तेवढंच सुटू द्या, ओढून काढू नका, खालून रक्त येतं. पुसून कोरडे करा आणि खोबरेल, करंजेल किंवा व्हॅसलीन भरपूर चोपडा, बोटांच्या बेचक्यातही. दर दोन-तीन दिवसांनी हेच, काही आठवडे. खवले लगेच सपाट होणार नाहीत, पिसगळीबरोबर जुने खवले पडून नवे आले की पाय सुधारलेला दिसतो. मधेच सोडू नका. जुन्या कोंबड्यांना आणि पायांवर पिसं असलेल्यांना हे जास्त होतं. एकीला दिसलं तर दांडीवर तिच्या शेजारी बसणाऱ्यांचे पायही तपासा.

फार वाढलेलं असेल, बोटं वाकडी होत असतील तर आयव्हरमेक्टिन देतात. पण ते वजन पाहून पशुवैद्यानेच. आणि तेव्हा अंडी किती दिवस खायची नाहीत ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

अंड्यांचा प्रश्न राहिला होता. कोंबड्यांची ही देवी माणसाला होत नाही. मुलांच्या कांजिण्यांचा कोंबड्यांशी संबंध नाही. औषध दिलेलं नसेल तर अंडी शिजवून खुशाल खा. फवारणी केली, अंगाला काही लावलं किंवा पोटात दिलं, तर त्या औषधाचे दिवस पाळा.

शाळेचा_फळा
आमच्या एका कोंबडीच्या तळपायाला मधोमध काळी खपली आणि सूज आहे, लंगडते. हीसुद्धा खरूज का?

गुरांचा_डॉक्टर
नाही, ती खरूज नव्हे, जंतूंचा गळू आहे. उंच दांडीवरून सिमेंटवर उडी मारून तळव्याला जखम झाली की असं होतं. दांडी खाली आणा, खाली जाड तूस टाका, दांडीला कुसं नकोत. पाय कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून आयोडीन लावून पट्टी बांधा. सूज कडक असेल तर आतला पुवाचा कडक खडा डॉक्टरांकडून काढून घ्या, स्वतः ब्लेड लावू नका.

कृष्णाकाठ
देवीची लस आहे हे अजून कोणी बोललंच नाही! सहा ते आठ आठवड्यांच्या पिलांना पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात. अडचण एकच, कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची येते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून आमच्या वाडीत आम्ही दिवस ठरवतो. पावसाळ्याच्या तोंडी, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी, घरोघर. कुपी बर्फाच्या डब्यात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवलं तर माणूस येतो.

गुरांचा_डॉक्टर
फार चांगली पद्धत. यात एक भर : सात ते दहा दिवसांनी टोचलेल्या जागी छोटी गाठ किंवा खपली आली का बघा. आली तर लस लागू पडली. बऱ्याच पिलांना काहीच आलं नाही, तर कुपी वाटेत तापलेली असणार, परत टोचावी लागेल.

रानमोगरा ताई, एकीलाच झालीय तोवर बाकीच्या निरोगी कोंबड्यांना आत्ताही टोचता येईल. पडलेल्या खपल्या वेचून जाळा, त्यात विषाणू महिनोन् महिने जिवंत राहतो. आणि परसातल्या करवंट्या पालथ्या घाला, टायर, फुटके माठ, सगळ्यातलं पाणी काढा. डास तिथेच होतात.

नाना_मावळकर
संध्याकाळी कडुनिंबाचा, निरगुडीचा पाला धुमसवला तर डास येत नाहीत. पण कोंबड्या आत असताना खुराडं बंद करून धूर कोंडू नका, त्यांचा दम लगेच कोंडतो.

वऱ्हाडी_ठसका
तुरा निळा-जांभळा पडला तर तेही कातडीचंच समजाचं का? गेल्या उन्हाळ्यात एका घरी असं झालं होतं.

गुरांचा_डॉक्टर
नाही, आणि इथे थांबून सगळ्यांनी वाचावं. तुरा जांभळा, तोंड सुजलेलं आणि एक-दोन दिवसांत कोंबड्या पटापट मरत असतील तर ते कातडीचं दुखणं नव्हे. मानमोडी (राणीखेत) असू शकते, बर्ड फ्लूही असू शकतो. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंबा गावातही आला होता. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, विकू तर नकाच. लगेच दवाखान्याला किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर कळवा. कळवायला लोक घाबरतात हे मला ठाऊक आहे, पण दडवल्याने शेजाऱ्याच्या कोंबड्याही जातात आणि घरातल्या माणसांनाही धोका असतो.

रानमोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. खुराडं रिकामं करून चुना झाला, पहिली फवारणी झाली. कोंबड्या अजून बिचकतात, पण निम्म्या आत बसायला लागल्यात. तलंगेचा डोळा उघडला, ती स्वतः दाणे टिपतेय. कोंबडा दिवसा बहिणीच्या अंगणात. काकींना पायाचं समजावलं, त्यांच्याही दोन कोंबड्यांचे पाय तसेच निघाले, आता दोघी मिळून तेल लावतो. आणि कृष्णाकाठ, लसीसाठी वाडीतली आणखी घरं तयार झालीत.

घाटमाथा
उशिरा आलोय, पण विचारतो. माझ्याकडे कडकनाथ आहेत. तुरा काळा, कातडी काळी, पायही काळे. काळपट खपली यांच्यावर ओळखायची कशी?

गुरांचा_डॉक्टर
चांगला प्रश्न. रंगावर जाऊ नका, बोट फिरवा. निरोगी तुरा गुळगुळीत लागतो, देवीची गाठ खडबडीत आणि टणक लागते, आणि एका बाजूने उजेड धरला की तिची सावली पडते. पापणीची कड आणि चोचीचा कोपरा रोज बघा, तिथे उठाव लवकर कळतो. पायांच्या बाबतीत खवल्यांच्या कडा वर उचलल्यात का ते पाहा, त्याखालचा पांढरा भुगा काळ्या पायावर उलट जास्त स्पष्ट दिसतो. लाल माइटसाठी कोंबडीकडे बघायचंच नाही, तिथे रात्री बॅटरी आणि पांढरा कागद.

घाटमाथा
धन्यवाद डॉक्टर. आज रात्रीच बघतो. पिल्लं सात आठवड्यांची आहेत, लसीचंही उद्या दवाखान्यात विचारून येतो.